ग्राहकाला सेवा नाकारण्याआधी : ठाणे व नवी मुंबईत नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी धर्म, जात आणि कायदा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत दुकान, खानावळ, सलून, छपाईचा धंदा किंवा पीजी सुरू करणारा माणूस गाळ्याचे डिपॉझिट, गुमास्ता, अन्न परवाना आणि जीएसटी यांची चौकशी पहिल्या आठवड्यातच करतो. ‘मला नको असलेल्या ग्राहकाला परत पाठवता येते का’ हा प्रश्न मात्र तो प्रसंग गल्ल्यासमोर येऊन उभा राहीपर्यंत त्याला सुचत नाही. मग जो तो आपापल्या परीने उत्तर देतो. कोणी म्हणतो, दुकान माझे, मर्जी माझी. कोणी याच्या उलट, कोणालाही कधीच नाकारता येत नाही असे समजून उधारी बुडवणाऱ्यालाही निमूटपणे माल देत राहतो. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कायद्याने आखलेली रेषा एका वाक्यात सांगायची तर ती अशी : काय विकायचे, कधी विकायचे आणि कोणत्या दराने विकायचे हे तुम्ही ठरवू शकता, परंतु कोणाला विकायचे हे त्याचा धर्म किंवा जात पाहून ठरवू शकत नाही.

पहिली पायरी : दोन हक्क शेजारी ठेवून वाचा

राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) ने प्रत्येक नागरिकाला धंदा करण्याचा हक्क दिला आहे आणि कलम २५ ने प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. दुकानात देव्हारा मांडणे, शुक्रवारी दुपारी नमाजासाठी शटर खाली ओढणे, पर्युषणात किंवा श्रावणात ठरावीक पदार्थ न ठेवणे, नाताळला सुट्टी घेणे या सर्व गोष्टी त्या स्वातंत्र्यात बसतात आणि त्याबद्दल कोणालाही खुलासा देण्याची गरज नाही. मात्र कलम २५ सुरू होतानाच सांगते की हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या त्याच भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. त्या इतर तरतुदींपैकी एक म्हणजे कलम १५(२). केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करण्याबाबत कोणतीही निःसमर्थता, दायित्व, निर्बंध किंवा शर्त लादता येणार नाही, असे ते कलम म्हणते. बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात. हा मात्र खासगी दुकानदारालाही बांधतो.

यातील ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती संविधान सभेतच विचारली गेली होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उत्तर दिले की हा शब्द केवळ आत शिरण्यापुरता नाही. जो कोणी आपली सेवा मागणाऱ्या कोणालाही द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान होय. पुढे २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ स्वीकारला. म्हणून तुमचा व्यवसाय वाशीच्या सेक्टर १७ मधील शोरूम असो, जांभळी नाक्यावरचा गाळा असो की कोपरखैरण्यातील सदनिकेतून चालणारा ब्युटी पार्लरचा व्यवसाय असो, लोकांना सेवा देण्यासाठी तुम्ही दार उघडले असेल तर ही तरतूद तुम्हाला लागू आहे असेच धरून चालावे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे कलम परके वाटण्याचे कारण नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला, आणि तो कागदावरच राहतो आहे हे दिसल्यावर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. कलम १५(२) च्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामागे हा इतिहास आहे. माझ्या मते ही तरतूद ज्याला मनापासून समजली त्याला या लेखातील अर्ध्या सूचनांची गरज पडणार नाही.

दुसरी पायरी : वस्तू नाकारणे आणि माणूस नाकारणे वेगळे करा

प्रत्येक अवघड प्रसंगी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हीच मागणी माझ्याच धर्माच्या, माझ्याच जातीच्या ग्राहकाने केली असती तर मी ती पुरवली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्ही वस्तू नाकारत आहात, आणि ते सहसा तुमच्या अधिकारात आहे. उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही माणूस नाकारत आहात.

शुद्ध शाकाहारी खानावळीत मटण मागणाऱ्याला ‘आमच्याकडे मिळत नाही’ असे सांगण्यात काहीच गैर नाही, कारण ते कोणालाच मिळत नाही. कांदा-लसूण न वापरणे, फक्त हलाल मांस ठेवणे, हलाल मांस मुळीच न ठेवणे, मद्य न विकणे, रमजानमध्ये दिवसा स्वयंपाकघर बंद ठेवणे हेही त्याच वर्गातले. परंतु त्याच शाकाहारी खानावळीत डोक्यावर टोपी असलेला माणूस वरण-भात मागत असेल आणि जागा रिकाम्या असताना त्याला ‘टेबल नाही’ म्हटले गेले, तर तेथे शाकाहाराचा काही संबंध उरत नाही.

नकार नेहमी दार बंद करूनच दिला जातो असे नाही. ठरावीक लोकांसाठी वेगळा पेला ठेवणे, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवणे, इतरांकडून न मागितलेला आगाऊ पैसा त्यांच्याकडून मागणे याही अटीच आहेत, आणि कलम १५(२) मध्ये ‘शर्त’ हा शब्द आहे. जन्मस्थानाचेही तसेच. ग्राहक उत्तर प्रदेशातला आहे की सातारचा, यावरून सेवा ठरत नाही.

लग्नाच्या एका प्रसंगात ही रेषा फार स्पष्ट दिसते. समजा, नेरूळमध्ये तुमचे सभागृह आहे. एक बाई आपल्या मुलीला घेऊन तारखेची चौकशी करायला येतात. भाडे ठरते, जेवणाच्या ताटाचा दर ठरतो, पावती पुस्तक उघडले जाते आणि व्यवस्थापक विचारतो, “ताई, नवऱ्या मुलाचं नाव काय लिहू?” मुलीने सांगितलेले नाव दुसऱ्या धर्माचे निघते आणि पेन थांबते. “मालकांना विचारून फोन करतो,” असे सांगून पावती पुस्तक मिटले जाते, आणि फोन काही येत नाही. मोकळी असलेली तारीख नाव ऐकताक्षणी भरलेली झाली, तर हा धर्माच्या कारणावरून दिलेला नकारच आहे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली होणारे असे लग्न पूर्णपणे कायदेशीर असते, त्यामुळे ‘उगाच भानगड नको’ हे कारण पुढे करता येत नाही.

आता त्याच लग्नात धार्मिक विधी करण्यास एखाद्या गुरुजींनी, काझींनी किंवा पाद्र्यांनी नकार दिला, तर ते मात्र त्यांच्या धर्माचरणाच्या स्वातंत्र्यात येते. विधी हा त्यांच्यासाठी माल नसून धर्म आहे, आणि अमुक विधी अमुक व्यक्तींसाठी करा असे कोणी त्यांच्यावर लादू शकत नाही. सभागृहाचा मालक, मंडपवाला, केटरर, मेंदी काढणारी आणि छायाचित्रकार यांना गुरुजींच्या रांगेत बसता येणार नाही. छायाचित्रकाराबद्दल मतभेद होऊ शकतो हे मी मान्य करतो, कारण त्याच्या कामात त्याची स्वतःची अभिव्यक्ती असते. पण जो जाहिरात करून सर्वांची लग्ने टिपतो त्याने केवळ वधूवरांच्या धर्मावरून माघार घेऊ नये असेच माझे मत आहे.

छपाईवाल्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. ठाण्यात फ्लेक्स, लग्नपत्रिका, हँडबिले छापणाऱ्यांकडे सणासुदीला आणि निवडणुकीच्या तोंडावर तऱ्हेतऱ्हेचा मजकूर येतो. मजकूर नाकारण्याचा तुम्हाला हक्क आहे, किंबहुना काही वेळा ते कर्तव्यच ठरते, कारण धर्माधर्मांत वैर वाढवणारा मजकूर छापून बाहेर गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ किंवा २९९ खाली होणाऱ्या चौकशीत छापणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागू शकते. परंतु ईदच्या शुभेच्छांचा साधा फलक, आंबेडकर जयंतीचा फलक किंवा चर्चच्या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आलेल्या ग्राहकाला केवळ ‘तो त्यांचा’ म्हणून परत पाठवणे वेगळे. मजकुराशी असहमती आणि माणसाशी वैर यांत गल्लत होऊ नये म्हणून मजकुराचा नियम आधीच लिहून ठेवावा : कोणत्याही धर्माची, जातीची किंवा व्यक्तीची बदनामी करणारा मजकूर येथे छापला जात नाही. मग हा नियम स्वतःच्या समाजाच्या मंडळाने आणलेल्या मजकुरालाही तितक्याच काटेकोरपणे लावावा.

परदेशातील निकालांचे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि त्यावरून ‘तिकडे तर धर्मासाठी नकार देता येतो’ असा समज पसरतो, म्हणून त्यांचा खरा अर्थ सांगतो. बेलफास्टमधील अॅशर्स बेकरीच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा केकवर लिहिण्यास बेकरीचा विरोध होता, ग्राहकाला नव्हे. ती घोषणा त्यांनी कोणालाच लिहून दिली नसती. त्याच न्यायालयाने २०१३ साली कॉर्नवॉलमधील ख्रिस्ती हॉटेलचालक दांपत्याविरुद्ध निर्णय दिला होता, कारण त्यांनी समलिंगी जोडीदारांना दुहेरी खोली नाकारली होती, म्हणजे माणसेच नाकारली होती. समलिंगी जोडप्याच्या लग्नासाठी केक बनवण्यास नकार देणाऱ्या अमेरिकेतील कोलोरॅडोच्या मास्टरपीस केकशॉपच्या बाजूने २०१८ साली जो निकाल लागला, तो राज्याच्या आयोगाने केकवाल्याच्या धर्मश्रद्धेबद्दल वैरभाव दाखवला या मर्यादित कारणावर लागला. ३०३ क्रिएटिव्ह या संकेतस्थळे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या बाजूने लागलेल्या २०२३ च्या निकालाचा आधार भाषणस्वातंत्र्य हा होता, धर्मस्वातंत्र्य नव्हे. आणि धर्मश्रद्धेच्या नावाखाली कृष्णवर्णीयांना जेवण नाकारू पाहणाऱ्या साउथ कॅरोलिनातील उपाहारगृह मालकाचा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच निरर्थक ठरवला होता. यांपैकी एकही निकाल भारतीय न्यायालयांना बंधनकारक नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांची लिंगओळख ही कलम १५ मधील ‘लिंग’ या शब्दात येते असे म्हटले आहे, आणि तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ ने त्यांना वस्तू व सेवा नाकारण्यास मनाई केली आहे.

तिसरी पायरी : नकाराची रास्त कारणे ओळखून ठेवा

दारू पिऊन गोंधळ घालणारा, कर्मचाऱ्यांशी किंवा इतर ग्राहकांशी असभ्य वागणारा, जुनी उधारी न फेडणारा, वेळ संपल्यावर येणारा, वयाची कायदेशीर अट पूर्ण न करणारा, जागा खरोखरच भरलेली असताना येणारा, अशा कोणालाही नम्रपणे नकार देता येतो. त्याचा धर्म कोणता हे येथे गौण आहे. गुंडगिरी करणारा माणूस अल्पसंख्याक आहे किंवा दलित आहे म्हणून त्याला सहन करावे असे कोणताही कायदा म्हणत नाही. फक्त तोच नियम सर्वांना लागू केल्याचे तुम्हाला दाखवता आले पाहिजे.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ६ मध्ये यासाठी एक उत्तम मोजमाप मिळते. इतर ग्राहकांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल दिला जातो, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर तो नाकारला गेला का, हे ते कलम पाहते. तो कायदा अस्पृश्यतेपुरता असला तरी हे मोजमाप प्रत्येक प्रसंगी वापरून पाहावे.

सुरक्षेच्या नियमांचे एक उदाहरण देतो, कारण सराफी दुकानांत ते वारंवार येते. ‘हेल्मेट, मास्क, रुमाल काढून चेहरा कॅमेऱ्याला दिसेल असे आत यावे’ हा नियम सर्वांसाठी असेल तर तो रास्त आहे. हेल्मेटवाला तसाच आत जातो आणि बुरखा घातलेल्या बाईला तेवढे दारात अडवले जाते, असे झाले की तो नियम उरत नाही. दारापाशी एक महिला कर्मचारी नेमून आडोशाला चेहरा पाहण्याची सोय केली तर सुरक्षाही राहते आणि कोणाची श्रद्धाही दुखावत नाही. पाच मिनिटांच्या व्यवस्थेने टळणारा वाद पोलीस ठाण्यापर्यंत नेण्यात कोणाचेच हित नाही.

डॉक्टर आणि रिक्षाचालक यांच्यावर आणखी वेगळी बंधने आहेत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. परवानाधारक रिक्षा-टॅक्सीचालकाने भाडे नाकारणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे, मग कारण धर्माचे असो वा अंतराचे.

चौथी पायरी : पाटी नीट लिहा

‘प्रवेशाचे सर्व हक्क राखीव’ ही पाटी कित्येक उपाहारगृहांत दिसते. तिने कायद्यापेक्षा जास्त काहीही मिळत नाही. जे हक्क घटनेने तुम्हाला दिलेलेच नाहीत ते पाटी लावून राखता येत नाहीत. त्याऐवजी नियम स्पष्ट लिहावा. ‘फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी’ असे न लिहिता ‘येथे फक्त शाकाहारी पदार्थ मिळतात; बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ असे लिहावे, कारण पहिल्या वाक्यात ग्राहकाच्या घरातील चुलीची चौकशी आहे आणि दुसऱ्यात तुमच्या स्वयंपाकघराची माहिती. तसेच ‘मद्यपान करून आलेल्यास किंवा इतरांना त्रास देणाऱ्यास सेवा दिली जाणार नाही’ हे वाक्य जोडावे. दुकानाच्या नावाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावणे महाराष्ट्रात बंधनकारक आहेच; नियमांची पाटीही मराठीत ठेवली तर तिचा अर्थ पुढे वादाचा विषय होत नाही.

स्वतःचा धर्म ग्राहकाला कळवण्याची सक्ती मात्र तुमच्यावर नाही. उत्तर प्रदेश व उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची व कर्मचाऱ्यांची नावे लावावीत या निर्देशांना सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी अंतरिम स्थगिती दिली आणि कोणते अन्न विकले जाते एवढे सांगणे पुरेसे असल्याचे म्हटले. अन्न परवान्याचा क्रमांक आणि त्याची प्रत दर्शनी भागात लावणे ही वेगळी गोष्ट आहे; ती लावावीच लागते.

पाचवी पायरी : कर्मचाऱ्यांच्या श्रद्धेचा विचार आधी करा

धर्मस्वातंत्र्य मालकाला आहे तसे नोकरालाही आहे. किराणा दुकानातील एखादा मुलगा अंडी हाताळू इच्छित नसेल, किंवा एखाद्या घरपोच सेवेतील मुलगा मद्याची पेटी उचलू इच्छित नसेल, तर ते कामावर घेतानाच विचारून घ्यावे आणि शक्य तेथे दुसऱ्याला ते काम द्यावे. एकाने ‘मी त्या इमारतीत जाणार नाही, तिथे ते लोक राहतात’ असे म्हटले तर ती सवलत देऊ नये, कारण ती वस्तूबद्दलची नसून माणसांबद्दलची हरकत आहे. ग्राहकाच्या बाजूनेही असे घडते. २०१९ साली जबलपूरमधील एका ग्राहकाने डबा पोहोचवणारा हिंदू नाही म्हणून झोमॅटोवरील मागणी रद्द केली, तेव्हा कंपनीने डिलिव्हरी बॉय बदलण्यास आणि पैसे परत करण्यास नकार दिला. लहान धंद्याला एक ग्राहक गमावणे जड जाते हे खरे आहे, तरीही अशा मागणीपुढे आपल्या माणसाला मागे घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

सहावी पायरी : घर, पीजी आणि सोसायटी

नव्याने आलेल्या माणसाला सर्वांत जास्त नकार येथे मिळतो. ऐरोलीत किंवा घोडबंदर रोडला खोली पाहायला गेल्यावर दलाल आधी भाडे सांगत नाही, तो विचारतो, “पूर्ण नाव काय तुमचं?” आडनाव ऐकल्यावर तो क्षणभर गप्प होतो आणि म्हणतो, “दादा, मालकांना फॅमिलीच पाहिजे.” समोरचा मनुष्य बायकोमुलांना घेऊन उभा असला तरी हे वाक्य बदलत नाही.

कायद्याची स्थिती येथे दुकानाइतकी सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. आपल्याच राहत्या घरातील एक खोली कोणाला द्यावी यातही मालकाला बरीच मोकळीक असते. परंतु जाहिरात देऊन, दरमहा पैसे आकारून, दहा-वीस मुलांना ठेवणारे पीजी हा धंदा आहे आणि त्याच्या मालकाने स्वतःला दुकानदार समजूनच वागावे. ‘खोलीत मांसाहार शिजवू नये’ ही अट सर्वांना सारखी लावता येते. ‘अमुक समाजाच्या मुलांना जागा नाही’ ही अट लावू नये, जाहिरातीत तर मुळीच लिहू नये.

सातवी पायरी : जातीचा प्रश्न आला तर थेट शिक्षा आहे हे लक्षात ठेवा

धर्माच्या कारणावरून खासगी दुकानदाराने दिलेल्या नकाराला घटनेची मनाई असली तरी त्यासाठी सर्वसमावेशक असा भेदभावविरोधी कायदा आपल्या देशात अजून झालेला नाही. मला ही मोठी उणीव वाटते. जातीबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल किंवा सेवा नाकारल्यास १९५५ च्या अधिनियमाखाली १ ते ६ महिने कैद व दंड होतो, धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य त्याच कारणावरून झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला दुकानात येण्यास किंवा सार्वजनिक वापराची भांडी वापरण्यास अडवणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली ६ महिने ते ५ वर्षे कैदेचा गुन्हा आहे.

त्याखेरीज महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम, २०१६ हा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने किंवा गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले म्हणून त्याला किराणा न देणे, सभागृह न देणे हे त्यात येते आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘पंचांनी सांगितले म्हणून मी केले’ ही सबब दुकानदाराला वाचवत नाही.

नकार तुम्हालाच मिळाला असेल तर

या शहरांत नव्याने राहायला आलेला वाचक ग्राहक म्हणूनही हा लेख वाचत असेल, म्हणून शेवटी त्याच्यासाठी. जागेवर आवाज चढवू नका. नकाराचे कारण शांतपणे विचारा आणि शक्य असेल तर ते लेखी किंवा संदेशावर मागा. ‘कृपया सांगाल का, जागा नाही म्हणून नाकारताय की अन्य कारण आहे?’ एवढा एक संदेश पुढे फार उपयोगी पडतो. तारीख, वेळ, ठिकाण, बोललेली वाक्ये आणि सोबतच्या माणसांची नावे त्याच दिवशी लिहून काढा. तुमच्या पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या ग्राहकाला तीच सेवा मिळाली असेल तर तो सर्वांत मोठा पुरावा आहे. तक्रार करण्याआधी दुकानाचे नाव आणि माणसांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नका. त्यातून उलट बदनामीचा दावा येऊ शकतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

पैसे भरून झाल्यावर आरक्षण रद्द केले असेल तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे होते, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि जेथे तुम्ही राहता तेथील आयोगाकडेही ती दाखल करता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जातीवरून नकार, धमकी किंवा बहिष्कार असेल तर पोलीस ठाणे गाठावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा विचार न करता, नोंदवून घ्यावी लागते. ठाणे अंमलदाराने टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांकडे टपालाने पाठवता येतो आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. खारघर आणि पनवेलच्या रहिवाशांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यांची पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयात असली तरी जिल्हा रायगड आहे, त्यामुळे जिल्हा पातळीवरची इतर कार्यालये ठाण्यात नव्हे तर अलिबागला आहेत.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. अर्जासोबत वर सांगितलेले टिपण, संदेशांच्या छापील प्रती आणि पावती असल्यास तिची प्रत जोडावी, सर्व कागदांचे दोन संच करावेत आणि आपल्या संचावर कार्यालयाची तारखेसह पोच घेतल्याखेरीज खिडकीवरून हलू नये.